चौदा निळ्या टोप्या

४ सप्टेंबर

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या कपाटात दोन कोऱ्या डायऱ्या उरल्या होत्या. साहेबांना रीतसर विचारून घरी आणल्या. पाच महिने त्यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं. आमचं दुकान उघडलं.

दुकान म्हणजे शटर, गल्ला असलं काही नाही. परगावी असलेल्या लेकीनं ते इंटरनेटवर उघडून दिलं. ताईनं विणलेले स्वेटर, टोप्या, मफलर आता कुणीही घरबसल्या मागवू शकतं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आधी भावजी गेले, मग वर्षाच्या आत माझी बायको गेली, तेव्हापासून आम्ही दोघं या तीन खोल्यांत राहतो. ताई विणते आणि मी तिच्या वाटेत येतो, असं ती म्हणते.

लेकीनं कामं वाटून दिली. आत्यानं विणायचं, बाबांनी फोटो काढायचे, माहिती लिहायची, पार्सलं बांधायची. ताईनं लगेच अट घातली, "रंगाचं नाव मी सांगणार. हा रंगराव नाही."

रंगराव हे माझं घरातलं नाव. त्याला कारण आमचं पुढचं दार. अकरा वर्षांपूर्वी ते मी स्वतः रंगवलं. डब्यावर 'धुरकट राखाडी' असं स्वच्छ छापलेलं होतं. लावताना मला जरा जांभळट वाटलं, पण छापलेलं कसं चुकेल, म्हणून दोन हात मारून मोकळा झालो. दार जांभळं झालं. ताई तेव्हा पाहुणी म्हणून आली होती, ती उंबऱ्यावरच बसून हसली. तेव्हापासून घरात रंगाचा विषय निघाला की माझं मत कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही देत नाही.

९ सप्टेंबर

मोठं खोकं आणून त्याच्या दोन्ही बाजू कापल्या, तिथं पातळ बटर पेपर चिकटवला. आत पांढरा कार्डशीट वाकवून ठेवला. जेवणाच्या टेबलावर, खिडकीशी. सकाळी दहा ते साडेबारा उजेड सरळ येत नाही, गाळून येतो, तेव्हाच फोटो काढायचे. टेबल अडल्यामुळे आम्ही ओट्याशी उभ्यानं जेवतो.

प्रत्येक वस्तूशेजारी मी स्टीलची फूटपट्टी ठेवली. माप कळायला नको? लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हा स्वेटर आहे, पंचनाम्यातली वस्तू नाही." पट्टी काढली. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासले, ती सवय हाताला आहे. आमच्या खात्यात डोळ्यांवर कुणी भरवसा ठेवत नसे. प्रमाणित वजन पारड्यात ठेवायचं, काटा म्हणेल ते खरं.

काट्यासारखे ताईचे हात आहेत. विणताना ती सुयांकडे बघतच नाही, माझ्याकडे बघून माझ्या चुका काढते. मी गंमत म्हणून एका स्वेटरवर चार ठिकाणी दहा सेंटिमीटर मोजले. चारही ठिकाणी बावीस टाके. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तुला काय तेवीस हवे होते?"

१७ सप्टेंबर

पहिली विक्री! लहान बाळाचं जॅकेट. ताईनं नाक मुरडून "बरं झालं" म्हटलं आणि आत जाऊन बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिनं जन्मभर विणलं, पण सगळं घरच्यांना, शेजारच्यांना, फुकट. "पैसे देऊन कुणीतरी घेतलं," असं रात्रीच्या जेवणात तीनदा म्हणाली.

हल्ली तिची नवी शिस्त म्हणजे वर्तमानपत्र मी मोठ्यानं वाचायचं. "तुझे उच्चार सुधारतील," म्हणते. सुधारोत बापडे. शिवाय घरातले सगळे बल्ब तिनं मला बदलायला लावले. हल्लीचे बल्ब मेले मंदच येतात म्हणे. मला तर लख्ख वाटतात.

२६ सप्टेंबर

आज एक मफलर. मला तो निळा वाटला. ताईनं हातात घेतला, खिडकीशी नेला, उलटा-सुलटा केला. "हिरवा," म्हणाली.

फोटोतही निळाच आला. कॅमेऱ्यालाही माझीच बाधा झाली असावी. लेकीनं शिकवल्याप्रमाणे फोनवरची रंग बदलायची पट्टी सरकवली, निळा हळूहळू हिरवा होत गेला. खाली लिहिलं, 'हिरवा मफलर'.

ताईनं विचारलं, "फोटोत कसा दिसतोय?"

"तू म्हणालीस तसाच. हिरवा."

"हं," म्हणाली आणि पुढचं विणायला घेतलं. ती स्वतः फोनमध्ये बघत नाही, त्याच्या उजेडानं डोळे चुरचुरतात म्हणते. पण प्रत्येक वेळी हे एवढं विचारते. मला वाटतं तिला माझ्या कामाची खात्री नाही.

६ ऑक्टोबर

पहिली वस्तू परत आली. बाळाचा पांढरा संच, म्हणजे जॅकेट, टोपरं, मोजे. बाईंनी लिहिलंय, "जॅकेट पांढरं आहे, टोपरं पिवळट आहे. फोटोत सगळं पांढरं होतं."

फोटोत सगळं पांढरं होतं कारण मी ते केलं होतं. ताई पांढरं म्हणाली होती आणि टोपरं तेवढं सायीच्या रंगाचं दिसत होतं, म्हणून मी तेवढा भाग उजळला.

ताईला सांगितलं. तिनं संच मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला. "पांढरंच आहे सगळं," म्हणाली. "बाईंना चष्मा लागलाय." मग, "तुला काय दिसतंय?"

मी म्हटलं, "माझं काय घेऊन बसलीस! माझं दार बघितलंयस ना?"

ती हसली नाही. एरवी या विनोदावर हमखास हसते.

१२ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा. आम्ही भाजी घेऊन आलो. मी कुलूप काढत होतो. ताई दाराकडे बघून म्हणाली, "काय रे, उन्हानं रंग उडाला का याचा? अगदी छान राखाडी दिसतंय."

अकरा वर्षांनी! मी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा तर चांगलं जांभळं होतं." मी म्हटलं, तुझ्या आत्याला विचार. आत्या म्हणते राखाडी, म्हणजे राखाडी. दिवसभर शीळ घालत होतो.

२० ऑक्टोबर

आणखी दोन वस्तू परत. तो हिरवा मफलर ("मला आलेला निळा आहे") आणि एक काळा स्वेटर, जो त्या माणसाला गडद निळा वाटतो. वेबसाइटकडून ताकीद आली आहे. रंगाच्या तक्रारी अशाच चालू राहिल्या तर दुकान बंद करतील. मी ताईला जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितलं. तिनं सुया खाली ठेवल्या. "बंद म्हणजे कायमचं?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं. मी म्हटलं, कॅमेरा बिघडलाय, मी बघतो.

पण देवाला काळजी! आजच मोठं काम आलं. होड्या वल्हवणाऱ्या मुलींचा एक संघ आहे, त्यांच्या प्रशिक्षक बाईंना चौदा टोप्या हव्यात, गडद निळ्या, त्यांच्या संघाचा रंग. स्पर्धा डिसेंबरच्या शेवटी. आधी फोटो पाठवायचा, त्यांनी हो म्हटलं की पार्सल. ताईनं लगेच लोकरीची पेटी उघडली. "हे काम नीट झालं की सगळ्यांची तोंडं बंद," म्हणाली.

३ नोव्हेंबर

टोप्या झाल्या. पाच टोप्यांची लोकर दुकानातून आणलेली, पुढची ताईनं आपल्या जुन्या पेटीतून काढली. चौदाही टोप्या एकसारख्या, टाक्यात टाका.

ओळीनं मांडल्या आणि मी जरा चमकलो. मला पाच निळ्या दिसत होत्या आणि नऊ काळ्या.

खोकं फिरवलं. खिडकीचा पडदा काढला. चष्मा पुसला. पाच आणि नऊच. फोटोतही पाच आणि नऊ. ताईला हाक मारली.

"ताई, या सगळ्या निळ्याच ना?"

ती जवळ आली. एकेक टोपी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. फार वेळ घेतला. "निळ्याच," म्हणाली. मग, "का? फोटोत कशा दिसतायत?"

आता मी काय सांगणार? माझे डोळे हे असे, कॅमेरा बिघडलेला, आणि ही सत्तेचाळीस वर्षं लोकर हाताळणारी बाई. मी पट्टी सरकवली. नऊच्या नऊ निळ्या झाल्या. छान जमलं, हात आता बसलाय. मग फोन तिच्यासमोर न धरता म्हटलं, "फोटोत सगळ्या निळ्या."

"खरंच?"

"अगदी."

तिनं मोठा श्वास सोडला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चहा टाक, दोघांनाही."

१४ नोव्हेंबर

टोप्या परत आल्या. प्रशिक्षक बाईंनी दुकानाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय. मी ते इथं उतरवून ठेवतो, कारण डोक्यातून जात नाही. "फोटोत चौदा निळ्या. पार्सलात नऊ काळ्या. ही फसवणूक आहे."

फसवणूक. हा शब्द मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे लिहिला. वजनाच्या तळाला शिसं लावणारे, पारड्याखाली लोहचुंबक लपवणारे, सगळे बघितले. कुणाकडून कधी चहा घेतला नाही. आणि आज तो शब्द माझ्या नावापुढे.

वेबसाइटनं कळवलंय की आता एक जरी तक्रार आली तरी दुकान बंद.

ताईला ते वाचून दाखवावंच लागलं. ऐकून घेतलं. म्हणाली, "पण फोटोत तर निळ्या होत्या. तूच म्हणालास." मी म्हटलं, "हो, कॅमेऱ्याचंच काहीतरी आहे." तिनं सुया, लोकर, अर्धा झालेला स्वेटर, सगळं पिशवीत भरून पिशवी कपाटावर ठेवली. मांडीवर रिकामे हात घेऊन बसून राहिली. तिला असं बसलेलं मी भावजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती विणत होती.

१५ नोव्हेंबर

सकाळी उठल्यावर सुचलं. इतके दिवस कसं सुचलं नाही याची लाज वाटते. काट्याबद्दल शंका आली की प्रमाणित वजन आणायचं, तसं रंगाचं प्रमाण शोधायचं. पेटीच्या तळाशी लोकरीच्या गुंड्यांवरच्या कागदी पट्ट्या सापडल्या. त्यांवर रंग छापलेला असतो. ज्या लोकरीच्या नऊ टोप्या झाल्या तिच्या पट्टीवर छापलंय, 'काळा'.

छापलंय काळा. ताई म्हणते निळा. मी जन्मात इतका पेचात पडलो नव्हतो.

टोप्या आणि परत आलेल्या बाकीच्या वस्तू घेऊन लोकरीच्या दुकानात गेलो. लोकरवाल्या बाईंनी नमुन्यांचं कार्ड काढलं, त्यावर लोकरीचे तुकडे ओळीनं चिकटवलेले असतात. एक टोपी काळ्यावर ठेवली, एक निळ्यावर. तंतोतंत. मग बाळाचं टोपरं सायीच्या रंगावर, मफलर निळ्यावर. माझ्या कॅमेऱ्यानं पहिल्या वेळी जे दाखवलं ते सगळं बरोबर होतं. आणि मला जे दिसलं तेही.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, पण ताईंचे डोळे कधी तपासलेत? गेल्या खेपेला त्यांनी मला दोनदा विचारलं, हा रंग कोणता. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

मी रागावलो. आमची ताई चालता चालता सुईत दोरा ओवते, असं काहीतरी बोललो आणि निघालो. रस्त्यात आठवलं की दोरा ओवून बरेच महिने झाले. शर्टाचं बटण मीच लावतो हल्ली. वर्तमानपत्र मी वाचतो. बल्ब मी बदलले. मग दार आठवलं, आणि मी फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

१६ नोव्हेंबर

सांगितलं नाही. धीर झाला नाही. ती म्हणाली, "आज वाचत का नाहीस?" वाचलं. हवामान दोनदा वाचलं.

१७ नोव्हेंबर

सांगितलं.

फोटोतल्या पट्टीपासून सगळं सांगितलं. निळ्याचा हिरवा केला, पिवळट टोपरं पांढरं केलं, नऊ टोप्या निळ्या केल्या. मला वाटलं डोळ्यांचं ऐकून ती बिथरेल. डोळ्यांवर ती काहीच बोलली नाही.

"म्हणजे तुला काळ्या दिसत होत्या?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा निळ्या म्हणालास!"

"तू म्हणाली होतीस ना निळ्या!"

ती उठून उभी राहिली. "अरे मूर्खा, मला खात्री नव्हती म्हणून तर विचारत होते! मला वर्षभर कळतंय काहीतरी बिनसलंय ते. दिव्यांना किरणं फुटतात, गुंडे सगळे एकाच रंगाचे दिसतात. पण दर वेळी तू म्हणायचास, फोटोत तसंच दिसतंय. मला वाटायचं, कॅमेरा तर खोटं बोलणार नाही. म्हणजे मी अजून ठीक आहे. त्याच्यावर मी दिवस काढत होते."

एका काट्यानं दुसरा तपासायचा आणि दुसऱ्यानं पहिला, असं करणाऱ्या दुकानदाराला मी एकदा दंड केला होता.

"मला नाही सांगायचं तर कुणाला सांगणार होतीस?" मी विचारलं.

"विणणं बंद करा म्हणाला असतात तुम्ही सगळे," ती म्हणाली आणि रडू लागली. मोठी बहीण रडत असताना धाकट्यानं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. तिच्या शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं नाक पुसून म्हणाली, "चूक माझीही आहे. जन्मभर तुला रंगराव रंगराव म्हटलं. कशाला बोलशील तू!"

२१ नोव्हेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार, निळे रंग तर जवळपास गेलेच असतील. ऑपरेशन साधं आहे, एकेक डोळा करू, विणकाम बंद करायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य ताईनं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आलोच आहोत तर माझेही डोळे तपासले. रंगांच्या ठिपक्यांतले आकडे ओळखायचे होते. पहिल्या पानावर मी म्हटलं, "मला बारा दिसतंय, पण तुम्ही सांगाल तसं." बाई हसल्या. "मी काही सांगणार नाही. तुम्हाला दिसतंय ते सांगा." सगळी पानं बरोबर आली. ताई बाहेर बाकावर होती. तिला जाऊन सांगितलं. म्हणाली, "मग दार?"

मी म्हटलं, "डब्यावर छापलं होतं."

२३ नोव्हेंबर

प्रशिक्षक बाईंना पत्र लिहिलं. चार खर्डे फाडले. शेवटी जसं घडलं तसं लिहिलं, की विणणारीला रंग कळत नव्हता, मला कळत होता, आणि फोटो मी बदलला. पैसे परत केलेत. फसवणूक म्हणण्याचा तुमचा हक्क आहे, पण विणकामात खोट नाही, एवढं कृपा करून लक्षात घ्या. दुकानाच्या पानावर पाटी लावली, 'काही दिवस बंद. विणणारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे.'

२७ नोव्हेंबर

उत्तर आलं. बाईंनी 'फसवणूक' काढून तिथं 'चूक झाली होती, त्यांनी स्वतः कळवली' असं केलंय. शिवाय त्या पाच निळ्या चालतील, उरलेल्या नऊ टोप्या डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत जमतील का, असं विचारलंय. ताई म्हणाली, "जमतील. लोकर तू आणायची." मी एकटा दुकानात गेलो, कार्डावर बोट ठेवून निळी मागितली. लोकरवाल्या बाईंची माफीही मागितली. त्यांनी एक गुंडा जास्त दिला.

ताई सध्या हातांच्या अंदाजानं विणतेय. पहिली टोपी अर्धी झालीसुद्धा.

३ डिसेंबर

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. ताईनं आधी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढे केस पिकले तुझे?" म्हणाली. वर काळा चष्मा चढवला आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

दारापाशी मी किल्ली काढली. तिनं माझा हात धरून थांबवलं. काळा चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि दाराकडे बघत उभी राहिली. खाली कुणीतरी सायकल लावत होतं, वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती. मला वाटलं आता हसेल. हसली नाही.

"तू सांग," म्हणाली. "कोणता रंग आहे?"

माझ्या ओठांवर 'राखाडी' आलं होतं. अकरा वर्षं तेच येतंय. मी दाराकडे नीट बघितलं.

"जांभळा," मी म्हटलं.

"मलाही तोच दिसतोय," ताई म्हणाली. तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप स्वतः, पहिल्या झटक्यात उघडलं. आत गेल्या गेल्या सहा नव्या टोप्या टेबलावर ओळीनं मांडून मला हाक मारली. साडेअकरा वाजले होते, उजेड चांगला होता.